दर पावसाळ्यात पायाखालचा पत्रा कुजतोय? जुन्या मारुती ८०० वरचे स्वस्तातले उपाय, आणि ते कुठे थांबवायचे

माझ्या २००४ च्या मारुती ८०० मधला डावीकडचा, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालचा पत्रा मी आजवर चार वेळा दुरुस्त केला आहे. पैकी तीन वेळा चुकीचा. पहिल्यांदा लांबी (पत्र्यावरचे खड्डे भरायची पुट्टी) भरली, दुसऱ्यांदा फायबरची चादर चिकटवली, तिसऱ्यांदा मिस्त्रींकडून चांगला पत्र्याचा तुकडा लावून घेतला. तिन्ही वेळा दीड-दोन पावसाळ्यांत भोक पुन्हा त्याच जागी. त्यानंतर आमच्या, पाहुण्यांच्या आणि वाडीतल्यांच्या मिळून बऱ्याच जुन्या गाड्यांचे पत्रे उघडून झाले. गुहागरला समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही.

लक्षणं

कुबट वास हे सगळ्यात आधीचं. गाडी दोन दिवस बंद राहिली आणि दार उघडताच ओल्या गोणपाटासारखा वास आला, तर चटईखाली पाणी आहे असंच समजा. बहुतेक जण या टप्प्यावर डॅशबोर्डवर सुगंधी डबी ठेवून मोकळे होतात. त्याच्याच जोडीचं दुसरं लक्षण म्हणजे सकाळी काचा आतल्या बाजूने धुरकट होणं.

चाकावरच्या कमानीची कड, दाराची खालची पाळी, डिकीच्या दाराची कड इथे रंगाखाली तांदळाएवढे फोड दिसतात. नखाने दाबल्यावर फोड करकरला की आत गंज आहे.

दाराखालून तपकिरी ओघळ येतो, किंवा वळणावर दारात पाणी डचमळल्याचा आवाज येतो.

गाडी रोज उभी असते तिथे लादीवर चहाच्या पत्तीसारखे तपकिरी पापुद्रे पडलेले असतात.

जॅक लावला की कर्रकन आवाज होऊन पत्रा आत जातो. दार लावताना थोडं उचलून लावावं लागतं. ही दोन लक्षणं असतील तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा. ते घरचं काम नाही.

इथेच एवढं का कुजतं

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत काय होतं ते आठवा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच ओलं होतं. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच उतरते. समुद्रावरच्या वाऱ्याने आलेलं मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसलेलं असतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, वरचा रंग सुकला, तरी सांध्यातलं मीठ ओलंच राहतं. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो. खारट पाण्यात ते काम कितीतरी वेगाने होतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. बाहेर तांदळाएवढा फोड दिसतो तेव्हा आत रुपयाएवढी जागा गेलेली असते.

गाडीचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड. त्यात हरवायला फारसं काही नसतंच.

म्हणून आधी पाणी शोधायचं. पत्र्याचं नंतर बघू.

तपासणी पहिली: चटई उचला. खर्च शून्य.

दारालगतची प्लॅस्टिकची पट्टी स्क्रू काढून सोडवा, चटई वर उचला आणि खालच्या जाड नमद्याला हात लावा. वरून चटई कोरडी लागते, पण खालचा नमदा पाण्याने भरलेल्या स्पंजसारखा असतो. मी पहिल्यांदा तो पिळला तेव्हा अर्धी बादली पाणी निघालं, आणि दिवस होते दिवाळीनंतरचे.

पाणी कधी येतं, यावरून ते कुठून येतं ते बरंचसं कळतं. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर ओल येत असेल तर ते बाहेरचं पाणी. भर एप्रिलमध्ये, एसी लावून फिरल्यावर डावीकडची चटई ओली होत असेल तर एसीची पाण्याची नळी तुंबली आहे. एसी चालू ठेवून गाडी उभी केल्यावर खाली रस्त्यावर पाणी ठिबकलं पाहिजे; ठिबकत नसेल तर ते पाणी तुमच्या चटईत जातंय. नळी खालून मोकळी करून हळू फुंकर मारली की बहुतेक वेळा काम होतं. पाणी चिकट असेल आणि त्याला गोडसर वास असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय. तो वेगळा आजार, तो मेकॅनिककडे न्या.

नमदा उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. तो कुजला असेल तर फेकून द्या. ओला नमदा परत घालून वर नवी चटई टाकण्यापेक्षा उघडा पत्रा परवडला.

तपासणी दुसरी: पाणी येतं कुठून. लागतो एक तांब्या आणि एक माणूस.

तीन वेळा मी चुकलो ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

चौथ्यांदा मी मिस्त्रींकडे गेलो तेव्हा त्यांनी पत्र्याकडे पाहिलंच नाही. बोनेट उघडायला लावलं, वायपरच्या मुळाशी असलेल्या जाळीत बोट घातलं आणि विचारलं, "अहो, हे कधी साफ केलंत?"

जाळीखाली एक पन्हळ असते. पुढच्या काचेवरून ओघळणारं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली निघून जातं. माझी गाडी सुरूच्या झाडाखाली उभी असायची. सुरूच्या काड्या अशा बारीक की जाळीतून आरामात आत जातात, आणि आत एकमेकींत विणल्या जाऊन नुसती घट्ट लादी होते. मिस्त्रींनी तारेच्या आकड्याने ती लादी बाहेर ओढली. वितीएवढी लांब, काळी, ओली, आणि मध्ये एक गांडूळ. डावीकडचं भोक पूर्ण बंद होतं. पन्हळ भरून पाणी गाडीत हवा येते त्या मार्गाने डॅशबोर्डखाली, तिथून चटईखाली. मी पत्रा बदलत होतो आणि ही पन्हळ त्याला दर पावसात भिजवत होती. घराच्या पन्हळी आम्ही मृगाआधी न चुकता साफ करतो, ही मात्र कधी सुचली नाही.

तेव्हा करायचं असं. एकाला आत टॉर्च घेऊन बसवा, पायाजवळ वर्तमानपत्र पसरा. तुम्ही बाहेरून पाणी ओता, पण पाइपाचा फवारा नको. तांब्याने, हळू, एका वेळी एकाच जागी. आधी जाळीत दोन तांबे, मग पाच मिनिटं वाट बघा. मग काचेच्या रबराची खालची कड, मग दोन कोपरे, मग दाराचं रबर. आतला माणूस ओरडला की थांबा आणि त्या जागी खडूने खूण करा. फवारा मारला तर सगळीकडून एकदम पाणी येतं आणि काहीच कळत नाही.

दारांच्या खालच्या पाळीला पाणी जायला भोकं असतात. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरणारच, ते तसंच धरलेलं असतं; खालून निघून गेलं की झालं. ही भोकं चिखलाने बुजली किंवा रंगवताना कोणी लांबीने बुजवली की दार म्हणजे बादली होते. खराट्याची काडी फिरवून बघा. मी एका गाडीच्या मागच्या दारातून दोन तांबे तरी पाणी काढलंय.

पायाखालच्या पत्र्यात रबरी बुचं असतात. ती वाळून आक्रसतात, मग चाकाने उडवलेलं पाणी तिथून वर येतं. नवं बूच अगदी किरकोळ पैशांत मिळतं.

डिकीचं पाणी मात्र आमच्याकडे पावसाचं असेलच असं नाही. बर्फातली मासळी पाटीत घालून डिकीत ठेवायची, बर्फ वितळतो, खारट पाणी मॅटखाली जातं, वर वास मारू नये म्हणून आपण मॅट तेवढी धुतो. खालचा पत्रा दोन वर्षांत चाळणी. मासळी आणायची तर भोकं नसलेल्या प्लॅस्टिकच्या टबातच आणा.

बोनेट उघडलंच आहे तर बॅटरीखालचा ट्रेही बघून घ्या. तिथला गंज ॲसिडचा असतो. खायचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसणं थांबेपर्यंत. मग स्वच्छ पाण्याने धुवा.

तपासणी तिसरी: चुंबक

फ्रिजवरचं साधं चुंबक, खाली पातळ रुमाल ठेवून, कमानींच्या कडेने आणि दाराखालच्या पाळीवरून फिरवा. जिथे ते एकदम सुटतं तिथे पत्रा नाही, आधीच्या मालकाने भरलेली लांबी आहे. जुनी गाडी विकत घ्यायला जाताना हे चुंबक खिशात असू द्या. लांबी असणं हा गुन्हा नाही; कागदाएवढी लांबी प्रत्येक डेंटर लावतो. पण बोटाच्या पेराएवढी जाड लांबी म्हणजे खाली भोक आहे, आणि ते अजून वाढतंय.

तपासणी चौथी: पेचकस आणि अंधार

पेचकसाची मूठ पत्र्यावर टकटक वाजवा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला थपथप. थपथप ऐकू आलं की पेचकस उलटा करून टोकाने जरा जोरात दाबा. भोक पडेल म्हणून दाबायला लोक घाबरतात. पडलं तर ते आधीपासूनच होतं. तुम्ही फक्त रंग फोडलात.

रात्री चटई काढून, गाडीखाली चालू टॉर्च सरकवून आत बघा. सुईएवढी भोकंही चांदण्यासारखी दिसतात. खडूने प्रत्येकाला गोल करा. ती दोन-चार असतील, हाताच्या तळव्याएवढ्या जागेत असतील आणि भोवतालचा पत्रा टणटण वाजत असेल, तर घरी करता येईल.

तपासणी पाचवी: गाडीखाली

हे शेवटी, कारण यात जिवाचा धोका आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. आणि कोकणातल्या मंडळींना हात जोडून सांगतो, चिऱ्यावर गाडी टेकवू नका. जांभा भिंतीत उभा राहतो म्हणून गाडीचं एका टोकावर आलेलं वजन पेलेल असं नाही. त्याचा कोपरा सूचना न देता फुटतो. लोखंडी स्टँड भाड्याने आणा, किंवा ओळखीच्या गॅरेजात खड्ड्यावर गाडी नेऊन अर्धा तास मागा.

खाली काय बघायचं? दारांखालून मागे-पुढे जाणारा पोकळ पट्टा, ज्याला आपल्याकडे रनिंग बोर्ड म्हणतात तो. जॅक लावायच्या जागा. मागचं सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय त्या जागा. ब्रेकच्या नळ्या आणि पेट्रोलची नळी. बोनेटखाली, पुढचे शॉकअप जिथे वर बोल्टने बसतात ते दोन बुरूज. या सगळ्या जागी नुसता वरवरचा तपकिरी रंग असेल तर घाबरू नका, वायर ब्रशने घासून बघा. पापुद्रे सुटत असतील किंवा चीर दिसली तर थांबा.

घरी करण्यासारखी दुरुस्ती

आधी मुहूर्ताचं. जून ते सप्टेंबर रंगाचा डबा उघडूच नका. दमट हवेत पातळ रंगावर पांढुरकी झाक येते आणि प्राइमरखाली ओल अडकते. कोकणात दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात भोक सापडलंच तर ते कोरडं ठेवा, वर ग्रीस थापा आणि दिवाळीची वाट बघा.

नुसते फोड आहेत, भोक नाही: फोडाच्या चारी बाजूंनी बोटभर पुढेपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा. लोक फोडापुरतंच घासतात आणि कडेचा गंज रंगाखाली तसाच राहतो. खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड गंजाचं लोह फॉस्फेट करतं, ते पक्कं बसतं. पण हे ठिपक्यांपुरतं औषध आहे, पापुद्र्यांवर ओतून उपयोग नाही. ते फक्त वरचा थर काळा करतं. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सुकू द्या. हातमोजे घाला.

मग प्राइमर. हार्डवेअरच्या दुकानात तुम्हाला रेड ऑक्साइड देतील. ग्रिलला ते ठीक. गाडीच्या खालच्या पत्र्यावर एकटं ठेवू नका, त्यातून ओल जाते. दोन डब्यांतून मिसळून लावायचा इपॉक्सी प्राइमर महाग आहे, पण पाणी अडवतो तो हाच. छोटा पॅक पुरतो. मी तो ब्रशनेच लावतो, दोन हात.

लांबी भरायची तर प्राइमरवर किंवा अगदी स्वच्छ पत्र्यावर. गंजावर कधीच नाही. पेस्ट पुट्टीत हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. आमच्या उकाड्यात पाच-सात मिनिटांत ती दगड होते, म्हणून थोडी थोडी कालवा. घट्ट झाली की कोरडीच घासा. आपले कारागीर तिच्यावर सर्रास वॉटर पेपर पाणी लावून फिरवतात. पुट्टी पाणी पिते आणि ते पाणी वरच्या रंगाखाली बंद होतं. पाणी लावून घासायचं ते प्राइमर चढल्यावर, ४०० किंवा ६०० नंबरने.

रंगाबद्दल फार सांगत नाही. सॉलिड पांढरा असेल तर तुमचं नशीब चांगलं. मारुतीचा सुपीरियर व्हाइट, कोड २६यू, मिसळून देणारा दुकानदार कुठेही भेटेल, आणि तळव्याएवढा तुकडा स्प्रेच्या डब्याने केला तरी दोन पावलांवरून कळत नाही. चंदेरी मेटॅलिक असेल तर घरी जुळणार नाही, हट्ट सोडा. दाराच्या पाळीत आणि कमानीच्या आत जिथे दिसत नाही तिथे कुठलाही चालेल. पूर्ण गाडीचा रंग बदलणार असाल तर आरसीत नोंद करावी लागते, हे मात्र लक्षात ठेवा.

खरचटलेल्या जागी पत्रा उघडा दिसतोय आणि आज वेळ नाही? घरातलं रंगहीन नेलपॉलिश लावून ठेवा. महिनाभर तरी पाणी अडतं.

आता भोकं. पायाखालचा सपाट भाग, रुपयाएवढं एखाद-दुसरं भोक, भोवताली टणटण पत्रा. उत्तम उपाय वेल्डिंग. पण तात्पुरतं करायचं असेल तर २० किंवा २२ गेजचा पत्र्याचा तुकडा भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा कापा, दोन्हीकडे इपॉक्सी प्राइमर लावा, मध्ये पीयू सीलंट (सुकल्यावर रबरासारखा लवणारा, पॉलियुरेथेनचा) घालून पॉप रिव्हेटने बसवा. वर आणि खाली सीलंटची कड फिरवा. माझ्या मेव्हण्याच्या गाडीत असा तुकडा चार वर्षं कोरडा आहे. पण हे ठिगळ आहे, ताकद देणारं काम नाही.

इथे एक सूचना, कारण ही चूक मी स्वतः केली. बाथरूमच्या कडांना लावतात तो, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन पत्र्याला लावू नका. तो सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि पत्र्याला खालून गंजवतो. शिवाय त्यावर रंग धरत नाही.

फायबरची चादर आणि रेझिन पत्र्यावर दिसायला छान दिसतं, पण चालत्या गाडीत पत्रा लवतो, फायबर लवत नाही, कड सुटते आणि मध्ये पाणी साठतं. माझा दुसरा प्रयत्न असाच गेला. चादर वरून शाबूत होती आणि खाली पत्राच नव्हता. रनिंग बोर्डच्या पोकळीत फुगणारा फोम मारणारेही पाहिलेत. तो ओल धरून ठेवतो, आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली की पेट घेतो.

जळकं ऑइल खालून फासायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. ते पाणी झटकतं हे खरं, पण रबरी बुश फुगवतं, दोन जोरदार सरींत धुऊन विहिरीच्या बाजूला जातं, आणि अंगाला लागलं तर चांगलं नाही. आमच्या एका शेजाऱ्यांनी होडीला लावतात तसं काजूच्या टरफलाचं तेल पत्र्याला लावून बघितलं. पत्र्याचं काय झालं माहीत नाही, त्यांच्या हाताचं कातडं मात्र आठवडाभर सोलत होतं. पोकळीत मारायला कॅव्हिटी वॅक्सचा लांब नळीचा डबा मिळतो. तो घ्या, बुचांच्या भोकांतून आत मारा आणि दर दिवाळीला पुन्हा मारा. फक्त पाणी जायची भोकं त्याने बुजणार नाहीत हे बघा.

पोचे हा गंजाइतका तातडीचा विषय नाही. रंग तडकला नसेल तर पोचा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो, पाणी आत जात नाही. मोठा उथळ पोचा संडासाच्या रबरी प्लंजरने, कड ओली करून ओढला तर कधीकधी टपकन बाहेर येतो. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर उकळतं पाणी ओतून आतून दाबा. घडी पडलेला, तीक्ष्ण कडेचा पोचा हातोडीने ठोकत बसू नका. पत्रा ताणला जातो आणि मग पोटासारखा आत-बाहेर करत राहतो. रंग तडकला असेल तर पोचा राहू द्या, तडा आधी बंद करा.

धुण्याबद्दल

पुळणीवर गाडी घालू नका असं सांगून कोणी ऐकत नाही. निदान त्याच संध्याकाळी खालून धुवा, चाकांच्या कमानींच्या आत हात घालून वाळू काढा. धुवायचं पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ धुऊन पुन्हा मीठ लावणं. माझे एक काका रोज सकाळी अशाच विहिरीच्या पाण्याने गाडी पुसत. वाडीत सगळ्यात चकचकीत गाडी त्यांची, आणि सगळ्यात आधी चाळणी झाली तीही त्यांचीच.

इथे थांबा आणि मिस्त्रींना बोलवा

शॉकअपच्या बुरुजाभोवती चीर, पापुद्रे किंवा फुगलेला सांधा. सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा इंजिन जिथे बॉडीला जोडलं आहे तिथे पेचकस आत जाणं. सीट आणि सीटबेल्टच्या बोल्टभोवतीचा पत्रा थपथप वाजणं. रनिंग बोर्ड वितभर किंवा जास्त कुजणं, दार खाली बसणं. ब्रेकच्या नळीवर खड्डे, पेट्रोलच्या नळीजवळ किंवा टाकीवर गंज. यातलं एकही असेल तर घरी हात लावू नका आणि तोवर गाडी लांब नेऊ नका. ८०० ला वेगळी चासिस नाही. बॉडी हीच चासिस. त्या जागांवर लांबी भरणं म्हणजे अपघातात घडी पडेल अशी जागा रंगवून ठेवणं.

डेंटरकडे गेल्यावर चार गोष्टी विचारा. वेल्डिंग गॅसचं (ज्योतीचं) की सीओटूचं (विजेवर, वायरने करतात ते)? सीओटू घ्या, गॅसच्या उष्णतेने पातळ पत्रा लांबरुंद वाकतो, आणि साध्या रॉडच्या वेल्डिंगने तर भोक मोठंच होतं. पत्रा कुठला लावणार? सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला) पत्रा मागा. जीआय (जस्त चढवलेला) असेल तर जोडाच्या जागचं जस्त आधी घासून काढलंच पाहिजे, नाहीतर त्याचा धूर कारागिराच्या छातीत जातो. टाके लांब अंतराने, आलटून पालटून घालणार ना? आणि जोडाच्या मागच्या बाजूला काय लावणार? हा शेवटचा प्रश्न बहुतेकांना अडचणीत टाकतो. वेल्डिंगने मागचा रंग जळून जातो आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. माझा तिसरा प्रयत्न, तो चांगला तुकडा, पन्हळीच्या पाण्याबरोबरच यामुळेही गेला.

लांबी भरण्याआधी उघड्या पत्र्याचा फोटो काढू द्या, असं आधीच सांगून ठेवा. चांगला कारागीर चिडत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची ऋण वायर काढलेली, चटई आणि नमदा बाहेर, मागच्या बाजूचं काम असेल तर पेट्रोलच्या टाकीचं काय केलंय ते विचारलेलं, आणि पाण्याची बादली शेजारी.

पैशांचं म्हणाल तर गंज विम्यात बसत नाही; तो झीज धरला जातो. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण कमानी, दारं, रनिंग बोर्ड असे सुटे पत्रे अजून बाजारात मिळतात आणि भंगारातलं चांगलं दार बरेचदा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं. मी साधा हिशेब करतो. दोन्ही रनिंग बोर्ड आणि एक बुरूज असं एकत्र निघालं, तर खर्चाचा आकडा आणि गाडीची आजची किंमत कागदावर शेजारी शेजारी लिहायची. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचं असतं आणि गाडी आरटीओला दाखवावी लागते. तुमचं ते वर्ष जवळ असेल तर तोही खर्च त्याच कागदावर. वडिलांची गाडी असेल तर या कागदाचा काही उपयोग होत नाही, हे मला ठाऊक आहे.

माझ्या गाडीतला चौथा तुकडा आता तिसरा पावसाळा बघतोय. सुरूखाली उभी करणं बंद केलं. जाळीखाली जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बसवलाय, तो दर पंधरा दिवसांनी झटकतो. परवा उजवीकडची चटई सहज उचलली. नमदा कोरडा होता, पण बुचाभोवती एक तपकिरी कडं दिसलं. वर ग्रीस थापून ठेवलंय, दिवाळीनंतर उघडेन.